मराठी अक्षर, फॉन्ट आणि रेखाटन: ग्राफिक डिझाइन करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पोस्टर, पुस्तक, पाटी, लोगो किंवा वेबसाइटसाठी मराठी मजकूर मांडणाऱ्यांसाठी आहेत. बहुतेक सॉफ्टवेअर रोमन लिपी समोर ठेवून घडले आहे. शिकवण्याची पद्धतही तशीच आहे. मराठी मांडणीतल्या बऱ्याच चुका रोमनच्या सवयी देवनागरीवर लादल्यामुळे होतात.

फॉन्ट भरपूर आहेत. मग हाताने अक्षर काढायला शिकायचे कशाला?

चित्रकला उत्तम असायलाच हवी असे नाही. माणसाचा चेहरा काढता न येणारा माणूसही अक्षर चांगले काढू शकतो. पण ज्याने ‘श’ किंवा ‘क्ष’ हाताने शंभर वेळा काढला आहे, त्याला फॉन्टमधला कमकुवत ‘श’ लगेच दिसतो. ज्याने काढला नाही, त्याला फक्त ‘काहीतरी बरोबर नाही’ एवढेच जाणवते. फॉन्ट निवडण्याची नजर हातातून येते. र. कृ. जोशी सुलेखनातून टाइप डिझाइनकडे आले. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे दिसलेला मंगल हा त्यांचाच फॉन्ट. मराठी नाटकांची शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे प्रत्येक नावासाठी वेगळे अक्षर काढत. नाटकाचा स्वभाव ओळखून काढलेले ते अक्षर तयार फॉन्टमधून मिळणारे नव्हते.

सराव कशाने सुरू करावा?

बोरू (तिरक्या टोकाचे कलम) मिळाला तर उत्तम. ५ मिलिमीटर रुंद टोकाचा घ्या. त्याहून बारीक टोकात आपल्या चुका लपतात. बोरू नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने घट्ट बांधा. दोन टोकांमधले अंतर म्हणजे तुमच्या कलमाची रुंदी. या जोडपेन्सिलीचा फायदा असा की जाड-बारीक रेघ कशी तयार होते ते पोकळ आकारात स्पष्ट दिसते. कागद ८० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम), फार गुळगुळीत नसलेला. न्यूजप्रिंटवर शाई फुटते आणि टोकांचे कोपरे कळत नाहीत.

चार रेषा आखा: शिरोरेषा, पायरेषा, वर मात्रा-रफाराची रेषा, खाली उकाराची रेषा. शिरोरेषेपासून पायरेषेपर्यंतची उंची कलमाच्या रुंदीच्या ५ ते ६ पट ठेवा, म्हणजे ५ मिलिमीटरच्या बोरूला २५ ते ३० मिलिमीटर. वर आणि खाली त्याच्या साधारण निम्मी जागा सोडा. चौरेघी वहीच्या सवयीमुळे पुष्कळ जण खालची जागा फार कमी सोडतात आणि मग ‘कृ’, ‘हू’ पुढच्या ओळीत घुसतात.

कलमाचा कोन किती? इंग्रजी कॅलिग्राफीचा निब चालतो का?

चालतो, पण मनगट वळवावे लागते. देवनागरीचा जाड-बारीकपणा रोमनच्या उलट असतो. कागदावर टेकलेल्या टोकाची धार वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या बाजूला, साधारण ४५ अंशांत उतरायला हवी. मग वरून डावीकडे उतरणारी रेघ पूर्ण जाड येते आणि वरून उजवीकडे उतरणारी रेघ बारीक. ‘र’चा पाय बारीक होत का जातो, याचे उत्तर इथे आहे. बोरूची जीभ तिरकी कापतात ती यासाठीच; सरळ कापलेल्या निबाने उजव्या हाताने लिहिताना हा कोन सहज मिळत नाही.

कोन अचूक आहे का हे तपासायची सोपी खूण: ४५ अंशांवर काना आणि शिरोरेषा सारख्याच जाडीच्या येतात, कलमाच्या रुंदीच्या सुमारे ०.७ पट. ५ मिलिमीटरच्या टोकाने दोन्ही साडेतीन मिलिमीटर भरल्या पाहिजेत. काना जाड आणि शिरोरेषा बारीक येत असेल तर धार आडवी झाली आहे. उलटे असेल तर उभी.

कोणत्या अक्षरापासून सुरुवात करावी? क, ख, ग या क्रमाने?

वर्णमालेचा क्रम उच्चाराचा आहे, आकाराचा नाही. आकाराने गट पाडा. ‘व’ जमला की ‘ब’ आणि ‘क’ जवळजवळ जमलेच. ‘प’ वरून ‘ष’ आणि ‘फ’. मग ‘ग, म, भ’, ‘न, त’, ‘ट, ठ, ढ, द’, ‘ड, इ, ह, झ’, ‘र, स, ख, ए’. ‘ल’, ‘ळ’ आणि ‘श’ शेवटी घ्या. ते अवघड आहेत, आणि मराठीची ओळखही त्यांच्यातच जास्त आहे.

सुटी अक्षरे दोन आठवडे पुरेत. त्यानंतर शब्दच काढा, कारण देवनागरीत अक्षर एकटे क्वचितच येते. काना, वेलांटी, रफार यांच्यासह त्याचा तोल बदलतो.

मोजून काढले तरी अक्षरे वेडीवाकडी का दिसतात?

कारण डोळा पट्टीने मोजत नाही. आडवी रेघ त्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते; म्हणून एकसारख्या जाडीच्या आधुनिक अक्षरात शिरोरेषा कान्यापेक्षा ५ ते १० टक्के बारीक ठेवावी. ‘ठ’चा गोल पायरेषेवर नेमका टेकवला तर आखूड दिसतो, तो किंचित खाली उतरवा. ‘क’मध्ये कान्याच्या दोन्ही बाजूंना आकार येऊन गर्दी होते, तिथे जोडाजवळ रेघ थोडी बारीक केली नाही तर छपाईत काळा ठिपका पडतो. ‘ष’ आणि ‘क्ष’ यांनाही हेच लागू.

दोन अक्षरांतले अंतर हा खरा अवघड भाग. वर शिरोरेषा सलग असल्याने तिथे काहीच कळत नाही. शिरोरेषेखालची पांढरी जागा पाहायची असते. ‘बाबा’मध्ये कान्याशेजारी काना येतो, तिथे अंतर सर्वांत जास्त हवे. गोल आकाराशेजारी गोल आला तर सर्वांत कमी. ‘दगड’मध्ये ‘द’च्या खालची मोकळी जागा आधीच भरपूर आहे, तिथे ‘ग’ जवळ घ्यावा लागतो. कागद उलटा धरा. शब्द वाचता येईनासा झाला की पोकळ्या दिसू लागतात.

मराठी फॉन्ट निवडताना काय तपासावे?

‘अ आ इ ई’ टाइप करून फॉन्ट पाहू नका. तेवढे सगळ्याच फॉन्टमध्ये बरे दिसते. पुढचे शब्द तुम्हाला लागणाऱ्या आकारात टाइप करा:

दऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हास, उद्ध्वस्त, वाङ्मय, वैशिष्ट्य, कर्तृत्व, सर्वांनी, स्त्रिया, शृंगार, हृदय, रुपया, रूप, पद्म, व्हॉट्सॲप.

‘दऱ्या’मध्ये र अर्धगोल दिसला पाहिजे, नसेल तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही, किमती असो वा फुकट. ‘सर्वांनी’त रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात का पाहा. बातम्यांच्या मथळ्यांत हा शब्द रोज लागतो, आणि अनेक फॉन्ट इथे अडखळतात. ‘स्त्रिया’त पहिल्या वेलांटीची कमान जोडाक्षराच्या कान्यापर्यंत पोचायला हवी, चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असतात, स्वस्तात उरकलेल्या फॉन्टमध्ये एकच. ‘वैशिष्ट्य’ आणि ‘उद्ध्वस्त’मध्ये हलन्त उघडा पडतो का बघा. ‘रु’ आणि ‘रू’ लहान आकारात वेगळे ओळखू यावेत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या सामाईक सांकेतिक पद्धतीत) २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो.

मोफत फॉन्टमध्ये मुक्ता सर्वांत हुकमी. त्याची सात वजने (बारीक ते ठळक अशा जाडीच्या पायऱ्या) आहेत, त्यामुळे मथळ्यापासून तळटीपेपर्यंत एकाच कुटुंबात काम भागते. हिंदची पाच वजने आहेत आणि तो स्क्रीनवर स्वच्छ दिसतो. बलू गुबगुबीत, आइस्क्रीमच्या पाकिटावर शोभतो, शोकसंदेशावर नाही. पुस्तकासाठी टिरो देवनागरी मराठी पाहा. हा हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळा काढलेला फॉन्ट आहे. मात्र त्यात ठळक वजन नाही, तेव्हा मथळ्यांसाठी जोडीदार शोधावा लागतो. नोटोचे सॅन्स आणि सेरिफ दोन्ही भरवशाचे, थोडे भावहीन. सरकारी किंवा बहुभाषिक कामात भावहीनता हा गुणच ठरतो.

‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे दिसतात. ते मराठी कसे करायचे?

मराठी वळणाचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली आणि २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हा त्यातला बहुचर्चित भाग. युनिकोडच्या लेखी दोन्ही वळणे एकच अक्षर आहेत, म्हणून टाइप करताना वेगळी कळ सापडत नाही.

अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा कोणती यावरून फॉन्ट योग्य ते दाखवतो. त्यामुळे इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटरच्या कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी निवडा. वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण घाला. ती हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर ब्राउझर हिंदी वळण दाखवू शकतो. तरीही फरक पडला नाही तर ग्लिफ्स पॅनल उघडून त्या फॉन्टमध्ये पर्यायी आकार आहे का ते पाहा. नसेल तर फॉन्ट बदला. लोगोत मात्र हे अक्षर हातानेच काढा.

फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे सुटतात. फॉन्ट खराब आहे का?

बहुधा नाही. देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो; ती जुळवाजुळव करणारी यंत्रणा बंद आहे.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा, आणि परिच्छेद-शैलीतच ते बसवून टाका. दरवेळी हाताने केले तर एखादी चौकट हमखास राहते. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, टाइप, मग शो इंडिक ऑप्शन्स, आणि त्यानंतर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर. फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एकच टेक्स्ट इंजिन आहे; त्याआधीच्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली ते बदलता येते. तिथे त्याचे नाव आधी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन होते, नंतर वर्ल्ड-रेडी लेआउट. हा बदल नव्या फाइलपासून लागू होतो. उघड्या फाइलमध्ये काहीच बदलले नाही म्हणून लोक पुन्हा जुने सेटिंग करून ठेवतात. इंकस्केपमध्ये असे काही करावे लागत नाही.

जुन्या फाइलमधला मजकूर चिकटवला की अगम्य चिन्हे येतात. का?

तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट काढला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. त्या-त्या फॉन्टचा परिवर्तक वापरावा लागतो. परिवर्तनानंतर रफार, ‘ऱ्य’, अवतरणचिन्हे आणि आकडे यांचे मुद्रितशोधन डोळ्यांनी करा. चुका नेमक्या तिथे राहतात. ‘ऱ्य’ पुन्हा टाइप करताना साधा ‘र’ नव्हे, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, मग हलन्त, मग ‘य’. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ची कळ शिफ्टसह दाबली की तो मिळतो.

मजकुराचा आकार आणि ओळींमधले अंतर किती ठेवावे?

रोमनसाठी चालणारे १२० टक्के लिडिंग (ओळींमधले अंतर) मराठीला अपुरे पडते. वर रफार-मात्रा-अनुस्वार, खाली उकार-ऋकार. दोन ओळी भिडल्या की वरच्या ओळीचा ‘कृ’ खालच्या ओळीच्या ‘र्थी’वर आदळतो. छपाईत १४० ते १५० टक्क्यांपासून सुरुवात करा: १२ पॉइंटला १७ किंवा १८. स्क्रीनवर १.६ ते १.७ पट. त्याच पॉइंट आकारात मराठी अक्षर रोमनपेक्षा छोटे दिसते, कारण मात्रांसाठी राखलेली जागा त्याच आकारातून वजा होते. म्हणून पुस्तकाचा मजकूर १२ ते १३ पॉइंट, आणि लहान मुलांसाठी १६ च्या पुढे. फॉन्टागणिक हे बदलते, तेव्हा एक पान छापून हातात धरून वाचा. पडद्यावर १५० टक्के मोठे करून ठरवलेला आकार जवळजवळ नेहमी चुकतो.

अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करू नका. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात (‘विद्यापीठाच्याच’, ‘कार्यकर्त्यांनीसुद्धा’) आणि ओळीत मोठी भगदाडे पडतात. ओळीत सात-आठ शब्द मावत असतील तरच दोन्ही कडा जुळवा.

ट्रॅकिंग, फेक बोल्ड, इटालिक, आउटलाइन: यातले काय टाळावे?

ट्रॅकिंग (अक्षरांमधले अंतर) वाढवले की शिरोरेषा तुटते. इंग्रजी मथळ्यात ऐटदार वाटणारी मोकळी अक्षरे मराठीत फक्त तुटकी दिसतात. शब्द मोकळा हवाच असेल तर रुंद फॉन्ट घ्या. उणे ट्रॅकिंगमध्ये अक्षरे एकमेकांवर चढतात. पारदर्शकता असेल तर तिथे गडद पट्टे उमटतात.

सॉफ्टवेअरने फुगवलेला बोल्ड ‘ध’, ‘ष’, ‘श्र’ यांच्या पोकळ्या बुजवतो. देवनागरीत इटालिकची परंपरा नाही. मशीनने तिरके केलेले अक्षर अक्षरशः कलंडलेले दिसते. जोर द्यायचा असेल तर वजन बदला, रंग बदला किंवा वेगळ्या वळणाचा फॉन्ट घ्या.

अक्षराला बाहेरून रेघ दिली की प्रत्येक अक्षर, काना आणि वेलांटी यांच्या सांध्यावर उभ्या चिरा दिसतात, कारण तुकडे मुळात एकमेकांवर चढलेले असतात. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनलमध्ये स्ट्रोक मजकुराच्या खाली ओढा. मजकूर बदलता राहतो आणि चिरा झाकल्या जातात. अंतिम फाइलसाठी क्रिएट आउटलाइन्स करून (मजकुराचे आकारांत रूपांतर करून) पाथफाइंडरमधले युनाइट लावा, कोरलमध्ये वेल्ड. व्हिनाइल कापायला देताना ही पायरी चुकली तर यंत्र प्रत्येक सांध्यावर पाते फिरवते आणि अक्षर तुकड्यांत हातात येते.

मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवताना आकार कसा जुळवायचा?

आकडा सारखा ठेवू नका. देवनागरीची शिरोरेषेपासून पायरेषेपर्यंतची उंची रोमनच्या छोट्या अक्षरांपेक्षा थोडी जास्त आणि मोठ्या अक्षरांपेक्षा थोडी कमी असावी. त्यासाठी रोमन बहुधा ८५ ते ९५ टक्क्यांवर आणावे लागते. मग काना आणि रोमनची उभी रेघ यांची जाडी जुळवा. गरज पडल्यास एकाचे वजन पायरीभर बदला. परिच्छेदात अधूनमधून इंग्रजी शब्द येत असतील तर इनडिझाइनच्या ग्रेप स्टाइलने रोमन अक्षरांना आपोआप वेगळी शैली लावता येते.

दुकानाच्या पाटीवर हा प्रश्न कायद्याचाही होतो. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन, मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत आणि पाटीची सुरुवात मराठीने व्हावी, अशी तरतूद आली. दोन्हीकडे एकच पॉइंट आकडा टाकला तर इंग्रजी कॅपिटल अक्षरे मोठीच दिसतात. तेव्हा मात्रा सोडून, शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची मोजा आणि ती कॅपिटलच्या उंचीएवढी किंवा जास्त ठेवा. अंतराचा ढोबळ हिशेब: दर ३ मीटरला २५ मिलिमीटर उंची. रस्त्यापलीकडून, १२ मीटरवरून वाचायची पाटी असेल तर किमान १०० मिलिमीटर.

शिरोरेषा काढून टाकली तर चालते का?

मोठ्या, दोन-तीन अक्षरी शब्दात चालते. लांब मजकुरात नाही: शब्दांच्या सीमा पुसट होतात आणि एकूण रूप गुजरातीसारखे वाटू लागते. शिवाय ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखण्यासाठी शिरोरेषेतला खंड हीच मुख्य खूण असते. ती गेली की ‘भ’ आणि ‘ध’ची वरची गाठ ठसठशीत काढावी लागते. ‘ख’चे दोन भाग खालून जोडा, नाहीतर ‘रव’ वाचला जातो.

हाताने काढलेल्या शब्दाचा लोगो कसा तयार करावा?

आधी आगपेटीएवढ्या चौकटींत पंधरा-वीस कच्ची रेखाटने. इथे बारकावे नकोत. वेलांटी कुठून निघते, रफार कुठे बसतो, शब्दाची बाह्याकृती कशी होते एवढेच पाहायचे. निवडलेले रेखाटन २० सेंटिमीटर रुंद करा आणि ट्रेसिंग पेपरवर दोन-तीन थरांत सुधारत न्या. ६०० डीपीआयला स्कॅन करा.

ऑटो ट्रेस वापरू नका. तो शेकडो बिंदू टाकतो आणि प्रत्येक वळण थरथरते. पेन टूलने, वळणाच्या टोकाच्या जागी (सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे) बिंदू द्या आणि हँडल सरळ उभे-आडवे ठेवा. ‘ठ’च्या गोलाला बाहेरून चार आणि आतून चार बिंदू पुरतात. शिरोरेषा शेवटी एकच सलग आयत म्हणून घाला आणि मग सगळे जोडा.

इंग्रजी लोगोचे मराठी रूप करताना इंग्रजी अक्षरांचे तुकडे कापून ‘म’ आणि ‘न’ घडवण्याचा मोह होतो. निकाल वाचता येतो, पण त्यातला जाड-बारीकपणा उलटा असल्याने तो परका दिसतो. मूळ लोगोतून रेघेची जाडी, टोकांचा आकार आणि कोपऱ्यांची गोलाई घ्या. अक्षराचा सांगाडा देवनागरीचाच ठेवा.

तयार लोगो १६ पिक्सेलला, २० मिलिमीटर रुंदीला आणि नुसत्या काळ्यात तपासा. अनुस्वार आधी हरवतो. तो कान्याच्या जाडीपेक्षा थोडा मोठा ठेवा.

छापखान्यात फाइल देताना काय बघावे?

मुद्रितशोधन संपल्यावरच मजकुराच्या आउटलाइन्स करा आणि बदलता मजकूर असलेली प्रत वेगळी जपा. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांच्या काळ्यात प्लेट केसभर सरकली तरी मात्रांना सावल्या येतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतील तर एक वजन वर जा, कारण शाई पसरून बारीक रेघा खाते. फ्लेक्सवर रफार आणि मात्रा वरच्या कडेला कापल्या जाण्याचा प्रकार नेहमीचा: चौकटीचे अंतर शिरोरेषेपासून नव्हे, सर्वांत उंच मात्रेपासून मोजा.

मोफत फॉन्ट गिऱ्हाइकाच्या कामात वापरता येतो का?

ओपन फॉन्ट लायसन्सखाली असेल तर हो: छपाई, वेबसाइट, ॲप, लोगो, सगळीकडे, पैसे घेऊन केलेल्या कामातही. फक्त तो फॉन्ट स्वतंत्र वस्तू म्हणून विकता येत नाही. ‘मोफत डाउनलोड’ लिहिलेल्या कुठल्याही फाइलला हे लागू होत नाही. फाइलसोबत परवान्याचा मजकूर आहे का ते उघडून वाचा. नसेल तर तो फॉन्ट गिऱ्हाइकाच्या कामात वापरू नका.